डोळ्यातला बुडबुडा आणि दारातला मेपल

२०२४ सालच्या फेब्रुवारीत माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. पडदा म्हणजे डोळ्याच्या आतल्या बाजूचं दृष्टिपटल, ज्याला इथले डॉक्टर रेटिना म्हणतात. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, वय छत्तीस, चष्म्याचा नंबर शाळेपासून वाढत वाढत उणे साडेआठवर थांबलेला. आपल्या मंडळात माझ्यासारखे जाड भिंगवाले पुष्कळ आहेत, म्हणून हा लेख.

आधी माझी चूक सांगतो. एका गुरुवारी संध्याकाळी डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके नाचू लागले, आणि अंधारात मान वळवली की कडेला वीज चमकल्यासारखी व्हायची. मला वाटलं, स्क्रीनचा ताण. सोमवारी प्रोजेक्टची तारीख होती. म्हटलं, धीर धरू, जाईल आपोआप. रविवारी नाकाच्या बाजूने एक करडी सावली आत सरकू लागली, अर्धवट ओढलेल्या पडद्यासारखी. दुखत काहीच नव्हतं, आणि तिथेच माणूस फसतो. सोमवारी सकाळी बायकोच्या चेहऱ्याचा मधला भाग दिसेना, तेव्हा ती म्हणाली, "अरे, तुझी मीटिंग राहू दे, गाडीत बस."

ठिपक्यांचा अचानक आलेला थवा, विजेच्या रेघा आणि सरकती सावली ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची लक्षणं आहेत. नुसतं भोक असताना गेलात तर बहुधा दवाखान्यातच लेझरने ते भोवतालून शिवल्यासारखं बंद करतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. मधला भाग, म्हणजे मॅक्युला, सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर नजर बरीचशी वाचते. माझा मधला भाग रविवार ते सोमवारच्या दरम्यान सुटला. ते चार दिवस मला अजून आठवतात.

ज्यांचा नंबर मोठा असतो त्यांचं बुबुळ नव्हे, तर अख्खा नेत्रगोल लांब असतो आणि आतला पडदा ताणून पातळ झालेला असतो. लेसिक करून चष्मा गेला तरी गोल लांबच राहतो, त्यामुळे हा धोका जात नाही. हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या उजव्या डोळ्यातही एक विरळ जागा सापडली. तिला पुढे लेझर केलं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याच्या कडेपर्यंत तपासणी करून घ्यावी. दुकानात चष्म्याचा नंबर काढतात ती तपासणी यासाठी पुरत नाही.

मंगळवार, २७ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढून आत गॅस भरला. हा गॅसचा बुडबुडा वर तरंगतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो, भोकाभोवती लेझरचा जोड पक्का होईपर्यंत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोझानच्या जूल गोनँ यांनी दाखवून दिलं, की भोक बुजवलं तर सुटलेला पडदा बसू शकतो. त्याआधी हे दुखणं म्हणजे आंधळेपणच समजलं जाई. डोळ्यातला द्रव काढण्याचं आजचं तंत्र १९७० च्या सुमाराला मायामीत रॉबर्ट माखेमर यांनी सुरू केलं. एके काळी रोग्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. त्या मानाने माझी शिक्षा सौम्य होती: पहिले सात दिवस, दर तासातली पन्नास मिनिटं, तोंड जमिनीकडे.

करून बघा. चहा नळीने प्यायचा, जेवण मांडीवर, झोप पालथी. मालिशवाल्याकडे असते तशी खुर्ची भाड्याने आणली. खुर्चीच्या भोकातून मला गालिच्याचा एक तुकडा दिसे. बायकोने तिसऱ्या दिवशी ती खुर्ची मागच्या काचेच्या दारापाशी ओढली आणि खाली एक आरसा ठेवला. त्या आरशात उजव्या डोळ्याला अंगणातला लाल मेपल दिसू लागला. नऊ वर्षं या घरात राहतोय. ते झाड पानं गोळा करण्यापुरतंच मला माहीत होतं.

इंजिनियरच्या सवयीने मी वहीत दोन रकाने आखले. एकात बुडबुडा, दुसऱ्यात मेपल. पहिले दोन आठवडे दोन्ही रकान्यांत "काही फरक नाही" एवढंच. मग १४ मार्चला डाव्या डोळ्यात अगदी वर एक उजेडाची बारीक पट्टी दिसली. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे वर तरंगणारा बुडबुडा आपल्याला खाली दिसतो, आणि तो आक्रसू लागला की स्वच्छ भाग वरून खाली उतरतो. सुताराच्या लेव्हलमधल्या पाण्यासारखी ती रेघ हलते. त्याच आठवड्यात मेपलच्या फांद्यांवर लालसर धुकं आल्यासारखं वाटलं. पानं नव्हती ती, फुलं होती. लाल मेपल पानांच्या आधी फुलतो. रॉबिन पक्षी गवतावर मान वाकडी करून उभा राहायचा, धावायचा, पुन्हा थांबायचा. तोही खालीच बघत होता.

याच काळात एक गोष्ट जिवाला लागली. ३१ मार्चला वाईला आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिकिटं डिसेंबरातच काढलेली. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी मनगटावरचा हिरवा पट्टा दाखवून सांगितलं, गॅस आहे तोवर विमान नाही. बुडबुडा सहा ते आठ आठवडे राहणार होता. तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं, आता तो थोडा लहान झालाय ना? ते म्हणाले, "नाही."

मी घरी येऊन हिशोब मांडला. विमानातला हवेचा दाब सुमारे ८००० फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश. अकरावीतला बॉइलचा नियम: गॅस एक-तृतीयांशाने फुगू पाहणार. डोळा काही फुगत नाही, म्हणून आतला दाब चढतो, पडद्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि नजर कायमची जाऊ शकते. उंच घाटातून गाडीने जाणंही याच कारणाने टाळायचं. शस्त्रक्रियेत किंवा दाताच्या डॉक्टरकडे नायट्रस ऑक्साइड देतात तोही चालत नाही. हिरवा पट्टा त्यासाठीच असतो. प्रवास अगदीच टळण्यासारखा नसेल तर ऑपरेशनच्या *आधी* सांगावं. काही वेळा गॅसऐवजी सिलिकॉन तेल भरतात. त्यावर विमानप्रवास चालतो, पण ते काढायला पुढे दुसरं ऑपरेशन लागतं. आपल्या आईवडिलांचं भारतात असं ऑपरेशन झालं असेल, तर इकडे यायचं तिकीट काढण्याआधी हा प्रश्न विचारा.

मी फोनवर रडवेला झालो. आजोबा म्हणाले, "बाळा, मी एक्क्याऐंशी वर्षं थांबलो, तू आठ आठवडे थांब." त्यांना बोलायला काय जातं, असं तेव्हा वाटलं, खोटं कशाला सांगू. समारंभ मी फोनच्या पडद्यावर एका डोळ्याने पाहिला.

एप्रिल मात्र विलक्षण निघाला. ५ तारखेला सकाळी साडेदहाच्या आत आपल्या न्यू जर्सीत ४.८ चा भूकंप झाला. घर हललं आणि डोळ्यातली रेघ हिंदकळली. दोन्हींपैकी आधी काय, ते मला कळलंच नाही. ८ तारखेला सूर्यग्रहण. इथे जवळपास नव्वद टक्के सूर्य झाकला गेला. मी वर बघायचा प्रश्नच नव्हता. बायकोने पुरणाची चाळणी उन्हात धरली आणि अंगणातल्या फरशीवर शंभर चंद्रकोरी पडल्या. खाली मान घालून पाहण्याचा सराव मला होताच. ग्रहण अमावास्येलाच होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पाडवा. गुढी तिने उभारली, मी गाठी बांधल्या. चहा कपात ओतताना अजून अंदाज चुकत होता.

आता पैशाचं, कारण विचारणारे बरेच भेटले. व्हिजन इन्शुरन्स चष्म्यासाठी असतो. हे ऑपरेशन मेडिकल इन्शुरन्समध्ये येतं. आमचं वर्षाचं डिडक्टिबल फेब्रुवारीतच संपलं, म्हणून उजव्या डोळ्याचं लेझर त्याच वर्षात उरकलं. भूल देणारे डॉक्टर नेटवर्कबाहेरचे निघाले आणि त्यांचं वेगळं बिल आलं. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याप्रमाणे, नेटवर्कमधल्या ठिकाणी झालेल्या ऑपरेशनला असं जादा बिल लावता येत नाही. दोन फोन आणि एका पत्रानंतर ते मागे घेतलं. खुर्चीचं भाडं मात्र इन्शुरन्सने नाकारलं. १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायदा बारा आठवडे नोकरी राखतो, पगार देत नाही, आणि तोही कंपनीत पन्नास माणसं असली आणि तुमचं वर्ष भरलं असलं तरच. न्यू जर्सीत राज्याचा टेम्पररी डिसॅबिलिटी विमा आहे: कमाल मर्यादेत पगाराच्या ८५ टक्के. अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. बहुतेक राज्यांत असा विमा नाही, तिथे कंपनीचा शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी घेतलाय का ते आजच बघा. मी तो नोकरी लागली तेव्हा नको म्हटलं होतं, महिना अकरा डॉलर वाचवायला.

१३ एप्रिलला नूअर्कच्या ब्रांच ब्रुक पार्कमध्ये गेलो. १९२७ साली कॅरोलाइन बॅमबर्गर फुल्ड या बाईंनी तिथे दोन हजार चेरीची झाडं दिली. आज ती पाच हजारांवर आहेत. डाव्या डोळ्याला वर फुलं आणि खाली बुडबुड्याचं काळसर तळं असं दिसत होतं. १९ तारखेला तळ्याचा वाटाण्याएवढा थेंब झाला, रात्री त्याचे दोन झाले, आणि २२ ला सकाळी काहीच नव्हतं. दुसऱ्या रकान्यात त्या दिवशी लिहिलंय: "पानं, बोटाच्या पेराएवढी."

नजर त्यानंतरही हळूहळू वर्षभर सुधारत राहिली. सरळ रेघा डाव्या डोळ्याला किंचित नागमोडी दिसतात, तशाच दिसत राहतील असं डॉक्टर म्हणतात. मोतिबिंदूही या ऑपरेशननंतर लवकर येतो, त्याची तयारी ठेवली आहे.

दिवाळीला वाईला गेलो. आजोबांनी मला उजवा डोळा झाकायला सांगितला आणि भिंतीवरचं कालनिर्णय वाचायला लावलं. तारखा वाचता आल्या. तिथ्या त्यांनी वाचून दाखवल्या, चष्म्याशिवाय.