उजेड रस्त्यावर पडू दे

दिग्रस,
कोजागरी पौर्णिमा

चि. बाबू यास,


गाडी घेतलीस, घरी सगळ्यांना आनंद झाला. दिवाळीला तीच घेऊन पुण्याहून रात्रीचा निघणार आहेस, आणि त्याआधी हेडलाइटचे बल्ब बदलणार आहेस. एलईडी टाकू की शंभर-नव्वद वॉटचे हॅलोजन, असं तू मला विचारलंस. उत्तर आधी सांगतो: दोन्ही टाकू नकोस. नुसतं ‘नको’ म्हटलेलं तुला पटणार नाही आणि पटूही नये, म्हणून कारणं लिहितो.

तुझ्या गाडीला एच-फोर बल्ब आहे. त्यात दोन तारा असतात, अप्परची 60 वॉटची आणि डिपरची 55 वॉटची. डिपरच्या तारेखाली धातूची एक बारीक वाटी असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या अंगाला हा उजेड थोडा वर चढवलेला असतो. त्यात रस्त्याची कड, पाटी, पायी चालणारा माणूस दिसतो. उजव्या अंगाला तो खालीच ठेवलेला असतो, कारण समोरून येणाऱ्याचे डोळे तिकडेच असतात. ही सगळी रचना तारेच्या जागेवर उभी आहे. तार मिलिमीटरभर सरकली तरी फोकस बिघडतो. पुण्यातच एआरएआयसारखी संस्था हेडलाइटच्या चाचण्या करते, आणि त्या चाचण्यांत दिवा ज्या जातीच्या बल्बासाठी घडवला आहे तोच बल्ब लावलेला असतो.

बाजारातल्या एलईडी बल्बात तार नसते. चपट्या पट्टीच्या दोन बाजूंना चिप बसवलेल्या असतात. रिफ्लेक्टर मात्र तारेच्या हिशेबाने घडलेला आहे, त्यामुळे बराचसा उजेड भलतीकडे जातो. काही बंपरपुढच्या चार-पाच पावलांवर सांडतो, काही समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. जवळचा रस्ता लख्ख दिसला की वाटतं, दिवा फार छान झाला. पण जवळच्या लख्ख उजेडाने आपली बाहुली आकसते आणि लांबचं आणखी कमी दिसतं. आपल्याला गरज तर लांबचं दिसण्याची असते. खोक्यावरच्या वीस हजार ल्युमेनवरही जाऊ नकोस. चांगल्या एच-फोरचा डिपर साधारण हजार ल्युमेनचा असतो. वीस हजार ल्युमेन खरोखर काढायचे तर शंभर वॉटहून बरीच जास्त वीज लागेल, आणि तेवढी उष्णता अंगठ्याएवढ्या पंख्याने निघणार नाही.

शंभर-नव्वदच्या हॅलोजनमध्ये तार जागेवर असते, पण तिथे अडचण विजेची. दोन 55 वॉटचे डिपर मिळून 12 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर ओढतात. 90चे दोन टाकले की 15 अँपिअर. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती अडीचपटीच्याही पुढे जाते. कंपनीची वायर, स्विच आणि प्लॅस्टिकचा होल्डर हा भार सोसण्यासाठी केलेले नाहीत. कपलर पिवळा पडतो, मग वितळतो, आणि एखाद्या रात्री दोन्ही दिवे एकदम जातात. मी उभा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये काढला. असे जळके होल्डर माझ्या हातून पुष्कळ बदलले गेले आहेत.

आणि एवढं करून मिळतं काय? उजेड दुप्पट केला तरी दिसण्याचं अंतर दुप्पट होत नाही. प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो, त्यामुळे ते जेमतेम 1.4 पट होतं. समोरच्याच्या डोळ्यांतली चमक मात्र पुरती दुप्पट होते.

हा समोरचा कोण, ते मला तुला सांगायचं आहे. समृद्धी महामार्गावरून कारंज्याला उतरून मानोऱ्यामार्गे तू दिग्रसकडे येशील, तेव्हा कापसाचा हंगाम सुरू झालेला असेल. मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतील, बैलगाड्या असतील. रानडुकरं आणि रोही पिकात शिरतात म्हणून जागलीला जाणारी माणसं असतील. शेतीची लाइन पुष्कळदा रात्री येते, म्हणून ओलितासाठी मोटारसायकलवर निघालेले लोक असतील. त्यांत मोतीबिंदू वाढत चाललेले म्हातारे असतील. तीव्र, निळसर उजेडाने दिपलेला डोळा सावरायला काही सेकंद घेतो, आणि वय वाढेल तसा हा वेळ वाढतो. ताशी 60च्या वेगाने जाणारा मोटारसायकलवाला तीन सेकंदांत 50 मीटर जातो. तेवढं अंतर तो आंधळाच जातो. आणि तो तुझ्याच दिशेने येत असतो. त्याला दिसणं यात तुझीही सुरक्षा आहे.

आता काय करायचं ते लिहितो. आधी हेडलाइटची काच बघ. उन्हाने ती पिवळी पडून धुरकटली असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासून पॉलिश करून घे. जुन्या गाडीला एवढ्यानेच मोठा फरक पडतो. मग गाडी आणि दिवे चालू ठेवून बल्बाच्या कपलरवर व्होल्टेज मोजून घे. व्होल्टेज 10 टक्के कमी पडलं तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ 30 टक्के घटतो. तसं असेल तर अर्थिंगचं टोक साफ करायचं आणि चांगल्या वायरचा, फ्यूज असलेला रिले बसवून घ्यायचा. मूळ 60/55च्याच बल्बातून हरवलेला उजेड परत मिळतो. बल्ब जुने झाले असतील तर त्याच वॉटचे, वर्तुळात ‘ई’ ही खूण असलेले, नामांकित कंपनीचे घे आणि जोडीनेच बदल. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नकोस. बोटाचं तेल तिथे तापतं आणि बल्ब लवकर जातो.

त्यानंतर फोकस. टायरमध्ये हवा बरोबर भरून गाडी सपाट जागी भिंतीपासून 10 मीटरवर उभी कर आणि डिपर लाव. उजेडाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांची गोल खुंटी आहे. दिवाळीचं सामान आणि मागे माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा ती खुंटी पुढच्या आकड्यावर घे. पुढची काच आतूनही पुसून काढ. आतल्या धुरकट थरावर समोरचा उजेड पसरतो आणि दोष मात्र आपण आपल्या दिव्यांना देतो.

कायदाही माहीत असू दे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 106वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो दिपता कामा नये. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीने 182अ हे कलम नव्या रूपात आलं. नियमाबाहेर गाडीत बदल करणाऱ्या मालकाला त्यात प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. अपघात झालाच तर असा बदल विमा कंपनीच्याही नजरेस येतो.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, वेग. 80च्या वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर, ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा वेळ धरून, थांबायला जवळजवळ 70 मीटर घेते. डिपरमध्ये नीट दिसतं ते साधारण 50 मीटर. म्हणजे बिनदिव्याची ट्रॉली दिसली तोवर उशीर झालेला असतो. 60च्या वेगाने तीच गाडी 45 मीटरमध्ये थांबते. रस्ता मोकळा असेल तर अप्पर लाव, समोर दिवा दिसताच डिपर दे, आणि त्याने दिला नाही तरी तू दे. नजर त्याच्या दिव्यांवर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेव आणि वेग कमी कर.

बल्बासाठी बाजूला काढलेले पैसे काच, रिले आणि फोकसवर घाल, त्यातून उरतील ते टायरला लाव. आणि जमलं तर रात्रीचा निघूच नकोस. पहाटे निघ, उजेडी मानोरा ओलांड. घरी उशिरा आलास तरी चालेल, पण तुझ्यामुळे वाटेत कुणाचे डोळे दिपू देऊ नकोस.

तुझा,
मामा