एचडीएल कोलेस्टेरॉलची वृद्धी : आहार, जीवनसत्त्वे आणि चिकित्सकाचा विवेक

ठाण्याचा घोडबंदर मार्गावरील मानपाडा असो वा डोंबिवलीचा, दोन्ही परिसरांतील चिकित्सालयांत येणाऱ्या मध्यमवयीन रुग्णाच्या हाती आज बहुधा लिपिड प्रोफाइलचा अहवाल असतो. एकूण कोलेस्टेरॉल मर्यादेत असते. मात्र एचडीएलचा आकडा ३२ किंवा ३५ असा ठळक छापलेला असतो. 'चांगले कोलेस्टेरॉल वाढेल असे काही नैसर्गिक द्या', ही मागणी वैद्यांकडे होते, तशीच ती औषधविक्रेत्यांकडेही होते. या मागणीला शास्त्रशुद्ध उत्तर कोणते द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

१) प्रश्नाची व्याप्ती

पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी एचडीएल हे न्यून मानले जाते. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड व चंडीगड येथे झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीचे मेदविषयक निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ७२.३ टक्के व्यक्तींत एचडीएल न्यून, तर २९.५ टक्के व्यक्तींत ट्रायग्लिसराइड अधिक आढळले. एलडीएल अधिक असणारे केवळ ११.८ टक्के होते. अर्थात न्यून एचडीएल हा आपल्याकडील सर्वाधिक आढळणारा मेददोष होय. भात, मैदा व साखर यांचे आधिक्य, पोटावरील मेद आणि बैठे जीवन यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

२) आकडा आणि कार्य

अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील पाहणीने १९७७ मध्ये एचडीएल अधिक असणाऱ्यांत हृद्रोग कमी असल्याचे दाखविले. एचडीएलचे कण धमनीभित्तीतील कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेतात, हे त्याचे स्पष्टीकरण होय. यावरून 'एचडीएल वाढविले की हृदय सुरक्षित' असा समज रूढ झाला. परंतु २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक संशोधनात असे दिसले की, ज्यांच्यात जन्मतःच विशिष्ट जनुकभेदामुळे एचडीएल अधिक असते, त्यांच्यात हृदयविकाराचा झटका कमी आढळत नाही. २०१७ मधील डेन्मार्कच्या अभ्यासात तर अत्यधिक एचडीएल असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण वाढलेले आढळले. सारांश, न्यून एचडीएल ही धोक्याची खूण आहे. पण खूण पुसली म्हणजे धोका टळला, असे होत नाही.

३) जीवनसत्त्व ब-३ चा धडा

एचडीएल निश्चितपणे वाढविणारे जीवनसत्त्व एकच, ते म्हणजे नायसिन (निकोटिनिक आम्ल). शरीराची दैनंदिन गरज सुमारे १४ ते १८ मिलिग्रॅम; एचडीएल वाढविण्यासाठी मात्र १५०० ते २००० मिलिग्रॅम द्यावे लागते. शंभरपटीने वाढलेली ही मात्रा पोषण न राहता औषध होते.

या औषधाची कठोर परीक्षा दोन मोठ्या प्रयोगांत झाली. एम-हाय या प्रयोगात स्टॅटिन घेणाऱ्या ३,४१४ रुग्णांचा समावेश होता. नायसिनमुळे एचडीएल ३५ वरून ४२ झाले. परंतु हृद्रोगाच्या घटनांत घट न आढळल्याने २०११ मध्ये प्रयोग मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. २५,६७३ रुग्णांच्या एचपीएस२-थ्राइव्ह प्रयोगात नायसिनसोबत लॅरोपिप्रँट हे औषधही दिले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांतही लाभ दिसला नाही. उलट मधुमेह, रक्तस्राव, संसर्ग व स्नायुविकार वाढले. मधुमेहाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या समाजात ही बाब गंभीर आहे.

औषधविक्रेत्यांनी एक भेद ध्यानी ठेवावा. निकोटिनामाइड हेही ब-३ च होय. पण ते एचडीएल वाढवीत नाही. म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या नेहमीच्या गोळीने एचडीएल वाढेल, असे ग्राहकास सांगणे अयोग्य. मोठ्या मात्रेतील नायसिन वैद्यकीय देखरेखीविना देणे तर धोक्याचे. त्यात यकृतास इजा होऊ शकते.

४) इतर जीवनसत्त्वे

ई जीवनसत्त्वाचा रोज ४०० एकक मात्रेचा प्रयोग (२०००) हृद्रोग रोखण्यात निष्फळ ठरला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६० रुग्णांच्या अभ्यासात ई, क, बीटा-कॅरोटीन व सेलेनियम यांच्या मिश्रणाने सिम्वास्टॅटिन-नायसिनमुळे होणारी एचडीएलची वाढ उलट मंदावली. 'जीवनसत्त्वच आहे, अपाय काय होणार?' हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

५) आहार-विहार

येथे लाभ अल्प दिसतो, पण तो खरा आहे.

(अ) व्यायाम : आठवड्यास किमान १२० मिनिटे जोमाने चालणे वा तत्सम व्यायाम केल्यास एचडीएल सरासरी २ ते ३ मिलिग्रॅमने वाढते. रक्तदाब व रक्तशर्करा यांवरील लाभ वेगळाच.

(आ) धूम्रपानत्याग : सुमारे ४ मिलिग्रॅम वाढ अपेक्षित.

(इ) वनस्पती तूप : त्यातील ट्रान्स मेद एलडीएल वाढवितात व एचडीएल घटवितात. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेल-मेदांतील ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा आहे. तथापि वारंवार तापविलेल्या तेलातील वडे-भजी वर्ज्यच समजावीत.

(ई) धान्य : पांढरा भात, साबुदाणा व मैदा यांचे प्रमाण घटवून ज्वारी, नाचणी, डाळी व कुळीथ यांचे वाढवावे. याने ट्रायग्लिसराइड उतरते व त्यामागोमाग एचडीएल सुधारण्यास वाव मिळतो.

(उ) मासे : बांगडा व तारली ट्रायग्लिसराइड कमी करण्यास उपयुक्त, एचडीएलवर त्यांचा परिणाम अल्पच.

(ऊ) खोबरेल : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात खोबरेलाने एचडीएल ४ मिलिग्रॅम वाढले, पण एलडीएलही सुमारे १० मिलिग्रॅम वाढले. केवळ पहिला आकडा सांगून सल्ला देणे ही रुग्णाची दिशाभूल होय.

मद्याने एचडीएल वाढते हे खरे. परंतु त्यापासून होणारे अपाय पाहता तो उपाय म्हणून कदापि सुचवू नये.

६) आयुर्वेदीय दृष्टी

एचडीएल ही संज्ञा प्राचीन ग्रंथांत शोधण्याचा अट्टहास नको. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थौल्याची जी हेतुमालिका आहे, म्हणजे अव्यायाम, दिवास्वाप, गुरु-मधुर आहार, ती आजच्या रुग्णास तंतोतंत लागू पडते. पचण्यास गुरु पण कर्शन करणारा आहार हे तेथील सूत्र असून यव, मुद्ग, कुलत्थ व तक्र ही द्रव्ये त्याच दिशेची आहेत.

गुग्गुळाविषयी मात्र सावध असावे. भारतीय अभ्यासांत लाभ दिसला. परंतु २००३ मध्ये अमेरिकेत १०३ व्यक्तींवर झालेल्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात एलडीएल घटण्याऐवजी ४ ते ५ टक्के वाढले. गुग्गुळाने प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे शोषण घटते, असेही १९९४ मधील एका भारतीय अभ्यासात आढळले आहे. रुग्ण ही औषधे घेतो काय, हे विचारल्याविना गुग्गुळकल्प देऊ नये.

७) अहवाल कसा वाचावा

दोन रुग्णांचे एकूण कोलेस्टेरॉल १८० असे समजू. पहिल्याचे एचडीएल ३२ व ट्रायग्लिसराइड २४०. दुसऱ्याचे अनुक्रमे ५२ व ११०. नेहमीच्या सूत्राने (एकूण उणे एचडीएल उणे ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग) पहिल्याचे एलडीएल १०० व दुसऱ्याचे १०६ येते. केवळ एलडीएल पाहणारा पहिल्यास अधिक निरोगी ठरवील. एकूणातून एचडीएल वजा करून मिळणारा 'नॉन-एचडीएल' आकडा मात्र अनुक्रमे १४८ व १२८ येतो आणि खरी स्थिती उघड होते. हे गणित प्रत्येक अहवालावर मांडावे. सोबत कंबरेचा घेर, रक्तदाब व रक्तशर्करा यांची नोंद घ्यावी.

निष्कर्ष

एचडीएलचा आकडा हे चिकित्सेचे लक्ष्य नसून रुग्णाच्या मेद-अग्नीच्या स्थितीचा निर्देशक आहे. त्यामागील हेतूंचे निराकरण हीच खरी चिकित्सा. हृद्रोग झालेल्या वा तीव्र धोका असलेल्या रुग्णाचे स्टॅटिन बंद करून त्याऐवजी जीवनसत्त्वे वा कल्प देणे हे त्याच्या जिवाशी खेळणे ठरेल. असा बदल हृद्रोगतज्ज्ञाच्या संमतीविना होऊ नये. औषधविक्रेत्यांनीही 'एचडीएल वाढविणारे' म्हणून मागितलेले उत्पादन देण्यापूर्वी ग्राहकास अहवालासह वैद्यांकडे जाण्याचा सल्ला द्यावा. दुकानातील एक विक्री कमी होईल, पण रुग्णाचा विश्वास राहील. आणि आपल्या व्यवसायाचा आधार तोच आहे.