ओलीला ओल : उपग्रह आणि वऱ्हाडातील कोरडवाहू शेती

मृगाचा पाऊस पडला की वऱ्हाडातील जाणता शेतकरी माती उकरून पाहतो. वरची ओल खालच्या ओलीला मिळाली काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. ती मिळण्यापूर्वी पेरले आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणी ओढवते; आपल्यापैकी अनेकांच्या घरी बियाण्याची दुसरी पिशवी कर्जातूनच आलेली आहे.

ही ओल आता अंतराळातूनही मोजली जाते. नासाने 31 जानेवारी 2015 रोजी सोडलेला 'स्मॅप' उपग्रह दर दोन-तीन दिवसांनी ओलाव्याची नोंद देतो. माती अत्यंत क्षीण सूक्ष्मलहरी उत्सर्जित करीत असते. ओली माती कमी, कोरडी अधिक. या फरकावरून ओलावा काढतात. सुमारे 21 सेंटीमीटर लांबीच्या या लहरींना ढग अडवीत नाहीत, हे पावसाळ्यात फार मोलाचे.

परंतु उपग्रहाला दिसतो तो केवळ वरचा सुमारे 5 सेंटीमीटरचा थर. शेतकऱ्याचा प्रश्न नेमका त्याखालचा! शिवाय स्मॅपची मूळ चौकट 36 किलोमीटर लांबी-रुंदीची. अवघा अकोला जिल्हा अशा चार-पाच चौकटींत संपतो. 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून प्रक्षेपित झालेला इस्रो-नासाचा 'निसार' याहून कितीतरी बारकाईने पाहतो, पण तोच मार्ग पुन्हा गाठण्यास त्याला 12 दिवस लागतात. पेरणीच्या दिवसांत बारा दिवस फार झाले.

आकडा वाचतानाही सावध असावे. 20 टक्के ओलावा हलक्या जमिनीत पिकाला पुरतो. भारी काळ्या जमिनीत तेवढ्यावर पीक सुकते, कारण चिकणमातीचे कण पाणी घट्ट धरून ठेवतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीही खारे. तेथे रब्बीचा हरभरा जमिनीत साठलेल्या ओलीवरच येतो. म्हणून उपग्रहाच्या आकड्याला मातीचा पोत, खोली आणि मंडळातील पाऊस यांची जोड हवीच.

ही पडताळणी विद्यार्थ्यांनाही करता येईल. पेरणीपूर्वी शेतातून 5, 15 आणि 30 सेंटीमीटर खोलीची माती घ्यावी, तोलावी, 105 अंश सेल्सिअसला 24 तास वाळवून पुन्हा तोलावी. वजनातील घट म्हणजे पाणी. तिला कोरड्या मातीच्या वजनाने भागावे. उपग्रहाचा आकडा आकारमानाचा असल्याने या उत्तराला मातीच्या घनतेने गुणावे. पहिल्या थराचे उत्तर उपग्रहाशी ताडून पाहावे. ओलीला ओल मिळाली की नाही, ते उरलेले दोन थर सांगतील.