कामगारांमधील स्मृतिह्रास : शिशाचा विचार आणि रसौषधींची मर्यादा

विषयप्रवेश
नागापूर व सुपे येथील औद्योगिक वसाहती आणि गावोगावची बॅटरी दुरुस्तीची दुकाने यांमुळे अहिल्यानगर जिल्ह्यातील वैद्याकडे कामगार रुग्ण नित्य येतात. विसरायला होते, झोप लागत नाही, चिडचिड होते, पोटात कळ येते, मलावरोध आहे, अशा तक्रारी ऐकून आपण वातप्रकोपाचे निदान करतो व मेध्य कल्प देतो. रुग्ण नेमके कोणते काम करतो, हा प्रश्न मात्र पुष्कळदा राहून जातो. या प्रश्नाचे महत्त्व शिशाच्या संदर्भात येथे मांडावयाचे आहे.

संप्राप्ती
शिशाची धूळ व धूर श्वासावाटे, तसेच न धुतलेल्या हातांवाटे देहात शिरतात. कामाच्याच हातांनी तंबाखू-चुना मळणे हा आपल्याकडील त्याचा सोपा मार्ग होय. रक्तातील शिसे सुमारे महिनाभरात निम्म्यावर येते. परंतु प्रौढाच्या देहातील नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे अस्थिधातूत साठते व तेथे दशकानुदशके राहते. म्हणूनच काम सुटले तरी विष सुटत नाही. अमेरिकेतील माजी शिसे-कामगारांचा जो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, त्यात पूर्वीच्या संपर्काशी निगडित असा बुद्धिकार्याचा ऱ्हास काम सोडल्यानंतरच्या काळातही आढळला. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगारांविषयीच्या २००६ च्या अभ्यासात त्यांच्या रक्तातील शिसे इतरांपेक्षा बरेच अधिक होते. अल्पवीर्य होऊन देहात दीर्घकाळ राहणारे व निमित्त मिळताच प्रकुपित होणारे असे जे दूषीविषाचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, त्याच्याशी हे चित्र जुळते.

रुग्णपरीक्षण
पुढील प्रश्न प्रत्येक कामगारास विचारावेत.
१. बॅटरी, शिसे वितळविणे, डाग देणे, रेडिएटर दुरुस्ती यांपैकी काही काम आज वा पूर्वी केले आहे काय?
२. कामाचे कपडे घरी धुतले जातात काय? घरात लहान मुले आहेत काय?
३. याआधी कोणती भस्मे वा रसकल्प घेतले आहेत?
पांडुता, शूल, मलावरोध व मनगटाचे दौर्बल्य यांकडे लक्ष द्यावे. संशय येताच रक्तातील शिशाची तपासणी करवावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार हे प्रमाण प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम वा अधिक असल्यास शिशाचा स्रोत शोधून तो संपर्क कमी करणे व थांबविणे आवश्यक आहे.

चिकित्सेतील सावधानता
स्मृतिह्रासात स्मृतिसागर रस देण्याची प्रथा आहे. त्यात पारद, हरताळ व मनःशिला आहेत. त्रिवंग भस्म व वसंतकुसुमाकर यांत तर प्रत्यक्ष नाग, म्हणजे शिसेच आहे. ज्याच्या अस्थींत शिसे आधीच साठले आहे, त्यास असे कल्प देणे म्हणजे निदानसेवनच होय. भस्म शास्त्रोक्त आहे, हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, हे आपण विसरू नये.

येथे निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा. काम बदलणे, मुखावरण, जेवणापूर्वी हात धुणे व कपडे बदलून घरी जाणे या गोष्टी औषधाआधी याव्यात. आहारात दूध, नाचणी, तीळ व पालेभाज्या असाव्यात; कॅल्शियम व लोह यांच्या अभावी शिशाचे शोषण वाढते. मंडूकपर्णी, यष्टीमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने सहायक म्हणून देता येतील. तीही धातूंची तपासणी झालेलीच असावीत. मात्र ती देहातील शिसे काढतात असे समजू नये. शिशाचे प्रमाण फार वाढलेले असल्यास, अथवा आक्षेप, मूर्च्छा वा भ्रम असल्यास रुग्णालयात विलंब न करता पाठवावे. शिशाची विषबाधा हा कायद्याने कळवावयाचा व्यावसायिक रोग आहे. म्हणून कामाच्या स्वरूपाची स्पष्ट नोंद असलेले पत्र रुग्णासोबत द्यावे.

उपसंहार
वैद्य पंचानन गंगाधरशास्त्री गुणे यांच्या या नगरीस रसौषधींचा मोठा वारसा आहे. कोणता कल्प कोणास द्यावा याइतकेच कोणास देऊ नये हे जाणण्यात त्या वारशाचा खरा मान आहे. रुग्णपत्रिकेत नाव व वय यांखाली 'व्यवसाय' ही ओळ छापलेली असते. ती रिकामी राहू नये, एवढीच वैद्यबंधु-भगिनींना विनंती.