घरकुल मिळालं, पण कुठं?

सख्यांनो, घरकुलाची कागदपत्रं, हप्ते, फोटो हे आता आपल्याला तोंडपाठ झालंय. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागासाठी 1 लाख 20 हजारांचं मूळ अनुदान, किमान 25 चौरस मीटर बांधकाम, वर रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी. पण घर कुठल्या जागेवर उभं राहणार, आणि तिथं दिवसभर राहणाऱ्या बाईच्या मनाचं काय होणार, हे बैठकीत क्वचितच निघतं. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर.

आपल्या पन्हाळा तालुक्यात सपाट जागा कमी, त्यात गावठाण दाटलेलं. नवी जागा मिळते ती गावाबाहेर माळावर, नाहीतर डोंगराच्या उताराला. नदीकाठच्या गावांनी 2019 आणि 2021 चा पूर पाहिलाय. डोंगराकडच्या वाड्यांना 30 जुलै 2014 ची माळीणची दरड आठवते. पावसाचा आवाज वाढला की झोप उडते, पोरांना उशाशी ओढून बसावं लागतं. याला भित्रेपणा म्हणू नका. रोजची धास्ती अंगात मुरते, मग डोकं दुखतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही.

धोका नसला तरी लांबपणाचाही त्रास असतो. 1987 साली अहमदाबादेत विडी वळणाऱ्या बायकांसाठी सोडत निघाली. 497 जणींमधून 110 जणींना स्वस्तात चांगलं घर लागलं, पण शहरापासून सुमारे 12 किलोमीटर दूर. 14 वर्षांनी संशोधकांनी जाऊन बघितलं. घर लागलेल्यांपैकी 34 टक्के तिकडं गेल्याच नव्हत्या, आणखी 32 टक्के जाऊन परत आल्या होत्या. सोडत लागलेल्यांची मिळकत इतरांपेक्षा वाढली नव्हती. उलट नात्यातली माणसं लांब पडली आणि अडीअडचणीला हात पुढं करावा अशी घरं कमी झाली. आपल्या गटात दर आठवड्याला बचत होते, तशीच शेजाराचीही एक बचत असते म्हणायची! ती भिंतींबरोबर उचलून नेता येत नाही.

उलट बाजूही आहे. अमेरिकेत 1994 पासून काही गरीब कुटुंबांना बऱ्या वस्तीत जायला मदत मिळाली. त्यांची कमाई वाढली नाही, पण मोठ्या माणसांची मनःस्थिती मात्र सुधारली.

तेव्हा जागा बघायला फक्त पुरुषमंडळींना पाठवू नका. तुम्ही जा, आणि एकदा पावसात जा. भरलेली घागर घेऊन पाण्यापासून तिथवर चाला. अंगणवाडी, एसटीचा थांबा, दवाखाना किती पावलांवर? दिवस मावळल्यावर पोरगी एकटी येऊ शकेल का? हाक मारली तर ऐकणारं घर आहे का? स्वतःची जागा नसेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीला मदत मिळते, त्याची चौकशी ग्रामपंचायतीत करा. स्वस्त म्हणून लांबचा तुकडा घ्यायच्या आधी गावाजवळचा एखादा बघा, थोडा लहान असला तरी.

ज्यांची घरं आधीच लांब झालीत, त्यांच्याकडं महिन्यातली एक बैठक ठेवा. चहा त्यांचा, साखर गटाची. कुणाची झोप सलग दोन आठवडे उडाली असेल, रडू आवरत नसेल, तर आशाताईंना सांगा, किंवा 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोला. तिथं मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं रांगोळीनं आपल्या वाडीचा नकाशा काढायचा आहे. पाणी, रस्ता, ओढा, उतार आणि घरकुलं दाखवा. एकटं पडलेलं घर कुठलं, ते आधी शोधा.