सैन्यभरतीचा वजनकाटा आणि शेतकऱ्याचा मुलगा

ज्यांच्या घरी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा सैन्यात जाण्याचे म्हणत आहे, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. सैन्य आपल्या लोकांना परके नाही. १९९० ते १९९३ या काळात लष्करप्रमुख असलेले जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज हे मूळ गोमंतकीय घराण्यातले होते. पण भरतीच्या मैदानावर घराणे पाहत नाहीत, शरीर पाहतात.

पहिला प्रश्न नेहमी वजनाचा येतो: किती किलो लागते? याला एकच आकडा नाही. वजन हे उंची व वय यांच्या प्रमाणात असावे, असा सैन्याचा नियम आहे. अमुक उंचीला कमीत कमी इतके आणि अमुक वयाला जास्तीत जास्त इतके, असा त्यांचा तक्ता असतो. गोव्यातील मुलांची भरती कोल्हापूरच्या सैन्यभरती कार्यालयाकडे असते. तेथील जाहिरातींत जनरल ड्युटी अग्निवीरासाठी उंची १६८ सेंटीमीटर, छाती ७७ सेंटीमीटर व फुगवल्यावर ५ सेंटीमीटर अधिक, अशी अट दिलेली आढळते. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर डॉक्टरांचा सर्वसाधारण हिशेब उपयोगी पडतो. १६८ सेंटीमीटर उंचीच्या तरुणाचे निरोगी वजन साधारण ५२ ते ६४ किलोंच्या दरम्यान धरतात. हा सैन्याचा तक्ता नव्हे, पण मुलगा ४५ किलोंचा असेल किंवा ८० किलोंचा असेल, तर आजच कामाला लागले पाहिजे हे त्यावरून कळते.

आजच, असे म्हणण्याचे कारण आहे. मुले शेवटच्या आठवड्यात जे प्रकार करतात, ते जिवावर बेतू शकतात. वजन कमी भरू नये म्हणून काही जण काट्यावर उभे राहण्याआधी डझनभर केळी खातात आणि तांब्यावर तांब्या पाणी पितात. एकदम फार पाणी पोटात गेले की रक्तातील मीठ पातळ होते. उलट्या होतात, भोवळ येते, क्वचित झटकेही येतात. वजन जास्त असलेली मुले याच्या उलट करतात. पाणी तोडतात, जुलाबाच्या गोळ्या घेतात आणि तशाच सुकलेल्या अंगाने उन्हात धावतात. आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, अंग तापत जाते आणि उष्माघाताने धडधाकट मुलगाही दगावतो. उपवासकाळातला उपवास वेगळा आणि वजनकाट्यासाठी केलेली ही उपासमार वेगळी. अंग भरण्यासाठी कोणी इंजेक्शन किंवा बिनलेबलाची पावडर देऊ केली तर ती घरात आणू नये. भरतीत उत्तेजक द्रव्यांना बंदी आहे आणि मूत्रपिंडाचे नुकसान होते ते निराळेच.

खरे वजन हळूहळू वाढते. महिन्याला किलो-दीड किलो वाढले तरी पुष्कळ झाले. त्यासाठी बाजारातला डबा लागत नाही. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी उकड्या तांदळाच्या भाताबरोबर अळसांदे किंवा कुळीथ, आणि बांगडा-तारली मिळेल त्या दिवशी मासळी. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात वीस ग्रॅमच्या वर प्रथिने असतात. नाचणीत दुधाहून अधिक कॅल्शियम असते, तरी आपल्याकडे ती गरिबाचे धान्य म्हणून मागे पडली, हे नवलच. नुसती पेज आणि लोणचे खाऊन मात्र धावण्याची ताकद येत नाही. ज्याला वजन उतरवायचे आहे, त्याने तेच जेवण ठेवावे. भात थोडा कमी करावा, पाव, तळलेले आणि बाटलीतली गोड पेये सोडावीत.

चांगले खाऊनही मुलगा वाळलेला आणि फिकट राहत असेल तर जंतांचा संशय घ्यावा. मळ्यात अनवाणी वावरणाऱ्यांच्या पायांतून अंकुशकृमी शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे व डॉक्टरांच्या सल्ल्याने जंतांची गोळी घ्यावी. अशा मुलाला दूध-अंडी कितीही घातली तरी तो धावताना धापा टाकतो.

कारण वजन बसले म्हणजे भरती झाली असे नाही. १.६ किलोमीटर अंतर साडेपाच मिनिटांत पार केले तर पूर्ण ६० गुण आणि दहा बीम मारले तर ४० गुण मिळतात. शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडावा लागतो. कुदळ चालवणाऱ्या हातांना बीम लवकर जमतात. धावणे तसे जमत नाही, ते निराळे शिकावे लागते. पहिला महिना सावकाश धावावे, तेही सड्यावर किंवा मऊ वाटेवर. डांबरी रस्त्यावर रोज जोरात धावल्याने नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. २०२३ पासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर होते. निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा परीक्षेच्या आधीच धावायला लागावे.

भरती चार वर्षांची असते आणि पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के जवानांना कायम करतात, हे २०२२ च्या अग्निपथ योजनेपासूनचे धोरण आईवडिलांनी ध्यानात ठेवावे व बागायत कोण पाहणार ते आधीच बोलून घ्यावे.

दात, हिरड्या, कान व डोळे यांची तपासणी म्हापशात पेडे येथील जिल्हा रुग्णालयात वेळेवर करून घ्यावी. कानातला मळ डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा, घरी काडी घालू नये.