सेन्सर बदलण्याआधी

वडोदऱ्याच्या रावपुऱ्यातील एका वाचकाचा प्रश्न: पावसाळ्यानंतर गाडीतला ईएससीचा (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा विझतच नाही. गॅरेजवाला थेट महागडे मॉड्यूल बदलायला सांगतो. काय करावे?

तज्ज्ञांचे स्पष्ट मत: इतक्यात खिशात हात घालू नये.

१९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीजने रस्त्यावर आणलेली ही यंत्रणा चाकांचा वेग, स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे प्रत्यक्ष वळणे यांचा सतत मेळ घालते. घसरताना दिवा लुकलुकला, तर ती काम करते आहे. पेटूनच राहिला, तर बिघाड. सोबत एबीएसचाही दिवा असेल, तर पहिला संशय चाकाच्या सेन्सरवर. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून सरळ रस्त्यावर गाडी हळू चालवावी. तीन चाके ताशी २० किलोमीटर दाखवत असताना चौथे मध्येच शून्यावर आले, की चोर सापडला. तरीही नवा सेन्सर मागवण्याआधी कनेक्टर उघडावा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला आलेल्या पुरासारख्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल, तर पिनांवर हिरवट गंज चढलेला असू शकतो. बेअरिंगलगतच्या चुंबकी कड्याला चिकटलेला लोखंडी कीसही सिग्नल बिघडवतो.

अलाइनमेंटनंतर दिवा लागला असेल, तर स्टिअरिंग सरळ धरून कोन वाचावा. तो शून्याजवळ नसेल, तर बहुतेकदा कॅलिब्रेशनवर भागते.